यानकाकांचा एकोणिसावा भाग

खरं सांगते, मला त्या मालिकेतलं ओ की ठो कळत नाही. कोण कुठल्या ग्रहावरचा, कोण कुणाचा वैरी, ते हिरव्या कपाळाचे लोक चांगले की वाईट, मला काही विचारू नका. तरी ज्या रविवारी 'ध्रुवापलीकडे'चा बॉक्स सेट उघडायचा होता, त्या रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन कोण बसलं असेल, तर मी. आमचे हे मागून सावकाश आले. गळ्याला मफलर, खिशात वही, आणि ही बाई आज एवढी नटलीय कशाला, असा चेहरा.

मी त्यांना कारण सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्यांचा आवाज ऐकायचा होता. एकदाच, पण ऐकायचा होता.

तीसेक वर्षांपूर्वी ही परदेशी मालिका आपल्या भाषेत करून दर आठवड्याला टीव्हीवर दाखवायचे. हे दिवसा पाणीखात्यात कारकून, आणि संध्याकाळी एका तळघरातल्या स्टुडिओत जाऊन बोलायचे. कप्तान बिप्तान नाही हो, ह्यांच्या वाट्याला यान आलं होतं. त्यातलं जहाजच बोलायचं ना! "इंधन कमी आहे, कप्तान." "डावीकडून कुणीतरी येतंय, कप्तान." नाव कुठे झळकलं नाही, पण लोक त्या आवाजापायी खुळावले होते. पुढे कितीतरी वर्षांनी हे डोळे तपासायला गेले आणि तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा चष्मेवाल्याच्या हातातलं भिंगच खाली पडलं. "तुम्ही यान आहात!" म्हणाला. त्या दिवसापासून हे त्याच्या दुकानामागे रविवारी जमणाऱ्या सगळ्या मालिकावेड्यांचे यानकाका झाले, आणि मी फुकटची काकू.

सहा वर्षांपूर्वी गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. ह्यांनी ते एकदा लावून पाहिलं, त्यातून निघालेला पत्र्यासारखा आवाज ऐकला आणि वहीत लिहिलं, "मी यंत्राला माणसाचा आवाज दिला. आता यंत्र मला देणार होय?" झालं. यंत्र परत. हट्टी तर पहिल्यापासूनच.

आणि घरात ह्यांच्या आवाजाचं काही म्हणता काही नाही. लग्नाच्या व्हिडिओवर त्या फोटोवाल्याने गाणी चढवून ठेवलीत, त्यात हे नुसते हसतात. जो माणूस रोज उठून घरभर बोलतोय, त्याला कोण टेप करून ठेवतं?

माझं एक पाप सांगून टाकते. ती मालिका मी कधी ऐकलीच नाही. लागायची नेमकी माझ्या कामाच्या वेळेला. पँटी आखूड करायच्या, चेनी बसवायच्या, आतल्या खोलीत मशीनची खडखड. हे दारात येऊन विचारायचे, "ऐकलंस?" मी मान वर न करता सांगायची, "ऐकलं, ऐकलं. छान होतं." धादांत खोटं.

तर बॉक्स सेट. काळी पेटी, आठ डिस्क, एकोणतीस भाग, वर जाडजूड पुस्तिका. लिफ्टवाल्याने आधी तिचा वास घेतला. हा माणूस दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो, पण इथे आला की दहा वर्षांचा होतो. गणिताच्या बाईंनी पुस्तिका उघडली आणि तिसऱ्याच मिनिटाला किंचाळल्या, "अहो, सातवा भाग सहाव्याच्या आधी घातलाय! म्हणजे कप्तानाचा हात मोडायच्या आधीच बरा होणार!"

"बाई, आधी बघू तर द्या," चष्मेवाला म्हणाला.

डिस्क लागली. चित्र इतकं लख्ख, की यान ज्या दोरीला टांगलं होतं ती दोरी दिसली. "हे धुऊन काढायची काय गरज होती?" बाई हळहळल्या. "आपलं धुरकट होतं तेच बरं होतं."

"एवढ्याशा दोरीवर मी बादलीसुद्धा टांगणार नाही," लिफ्टवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

माझं लक्ष दोरीकडे नव्हतं. कप्तान खुर्चीत बसला, बटण दाबलं, आणि यान बोललं. बाईच्या आवाजात! बारीक, किनऱ्या, परक्या भाषेत. मूळ मालिकेत यानाला बाईचा आवाज होता हे ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

आमचे हे हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे गदगदतायत आणि डोळ्यांतून पाणी. वहीत लिहून त्यांनी सगळ्यांना दाखवलं, "बिचारीचं काम मी खाल्लं." सगळे हसले. मी पेटी हिसकावली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. आपली भाषा होती, पण ती चित्राखालच्या अक्षरांपुरती. आवाज फक्त मूळ भाषेचा.

"अहो चष्मेवाले," मी म्हटलं, "जगाला बारीक अक्षरं वाचायला लावता आणि स्वतः वाचत नाही? दिव्याखाली अंधार!"

"काकू, आनंदाच्या भरात राहून गेलं हो," तो कान पकडत म्हणाला. त्याला वाटलं, मी त्यांच्यासारखीच मालिकेची वेडी.

मग काय, मंडळी पेटून उठली. आपल्या आवाजांशिवाय ही पेटी म्हणजे नुसतं टरफल, असं त्यांनी पेटी काढणाऱ्या कंपनीला लिहिलं. इतर गावांतल्या वेड्यांनीही सह्या केल्या. बाईंनी तर भागांच्या क्रमावर वेगळं चार पानी पत्र धाडलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या भाषेतल्या टेप त्या वेळच्या वाहिनीकडे होत्या. वाहिनीने काटकसर म्हणून त्या पुसून त्यांच्यावर खेळांच्या बातम्या घेतल्या, आणि पुढे वाहिनीच बंद पडली. ते पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि घरी येताना दोनदा रस्ता चुकले.

त्यानंतर मी आशा सोडली होती, खोटं कशाला बोलू. पण एका दूरच्या गावातल्या निवृत्त नर्सने चष्मेवाल्याला कळवलं, की तिच्याकडे एक कॅसेट आहे. तिला संध्याकाळची ड्यूटी असायची, म्हणून ती घरी टीव्हीवरून भाग रेकॉर्ड करून ठेवायची. बाकीच्या कॅसेट पुसून पुसून वापरल्या. एकीवर मात्र कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिने कॅसेटची प्लास्टिकची पट्टी मोडून ठेवली होती. इतका तो भाग तिच्या जिवाचा.

"काकू, एकोणिसावा मिळाला!" चष्मेवाला फोनवर ओरडला. "सगळ्यांत भारी भाग! आपल्या आवाजांसकट!"

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी वहीत लिहिलं, "एकोणिसावा?" आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग वही मिटली. मला वाटलं, आनंद झालाय, जरा भरून आलंय.

त्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसले, अगदी टीव्हीला नाक लावून. चित्र मुंग्या आल्यासारखं, पण आवाज स्वच्छ. सुरुवातीलाच यानावर कसला तरी मारा झाला, सगळे दिवे गेले, आणि कप्तान एकटा काळोखात यानाशी बोलू लागला. घरच्या गोष्टी सांगत होता. मुलगी कशी चालायला शिकली, स्वयंपाकघरातला नळ कसा गळतो. मधूनच म्हणे, "बोल ना रे. काहीतरी बोल." मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलेली. आता बोलेल. ह्याच्यानंतर बोलेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. मागे बाई नाक ओढत होत्या.

मी लिफ्टवाल्याच्या कानाशी लागले. "यान बोलणार कधी?"

"अहो काकू, तीच तर गंमत आहे ह्या भागाची!" तो डोळे पुसत म्हणाला. "ह्यात ते बोलतच नाही. शेवटी एक वाक्य, बस."

म्हणजे ह्या सगळ्यांना माहीत होतं. आणि त्यांचा तरी काय दोष? मला काय हवंय हे मी कुणाला सांगितलं होतं?

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं. एक लहानसा दिवा लुकलुकला. आणि आवाज आला.

"ऐकतोय, कप्तान. सगळं ऐकलं."

संपलं. नावं सुरू झाली. चष्मेवाल्याने माझ्यासाठी म्हणून मागे नेऊन तीनदा लावलं. भरदार, थंड आवाज, प्रत्येक अक्षराला इस्त्री केलेली. सगळे रडत होते. मी मात्र कोरडी ठाक. ह्या माणसाशी माझी ओळखच नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात तो एकदाही माझ्या घरी आला नव्हता.

"डोंगर पोखरून उंदीर काढला!" मी सगळ्यांदेखत म्हणाले आणि तडक चालू पडले. चांगलं नाही केलं ते.

हे अर्ध्या तासाने घरी आले. मी एका पँटीची शिवण उसवत बसले होते. उसवायची नव्हती, तरी उसवत होते. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "मला ठाऊक होतं, एकच वाक्य आहे."

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?" तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिले.

"तू तेव्हा कधी ऐकलं नाहीस. मशीन चालू असायचं, मला काय कळत नव्हतं? सगळ्या कामात तेवढं एक वाक्य मला हवं तसं जमलं होतं. वाटायचं, एकदा तू ऐकावंस."

मी ते दोनदा वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं माझं 'छान होतं' ह्या माणसाने मुकाट्याने खिशात घातलं होतं.

"छान होतं," मी म्हटलं. "आज खरंच सांगतेय. सगळे रडले, ते उगाच नाही. पण अहो, ते यान होतं. मला यान नको होतं."

त्यांनी भुवया उंचावल्या. मग काय हवं होतं?

"टॉवेल!" मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "अडतीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं तुम्ही टॉवेल विसरून आंघोळीला गेलात. रोज! रोज दार किलकिलं करून हाका मारायचात, आणि मी रोज हातातलं काम टाकून, शंभर शिव्या घालत, तो नेऊन द्यायचे. आता सहा वर्षं झाली, एक दिवस विसरत नाही तुम्ही. आधी टॉवेल खांद्यावर, मग पाऊल आत. मला ते बघवत नाही हो. मला ती हाक हवीय."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी नाकातून, गळा काढून, त्यांच्यासारखी हाक मारली, "अगंऽऽ, टॉवेल!"

खोलीत ती हाक फारच मोठी झाली. मी घाबरले. म्हटलं, बाई गं, नको तिथे बोट ठेवलंस. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मग त्यांनी एक बोट वर केलं आणि नकारार्थी हलवलं. वहीत लिहिलं, "चूक. 'टॉ'वर जोर नको. मी लाचार असायचो, चिडलेला नाही."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी तळहात हवेत लांबवला. 'अगं' अजून ओढ. पुन्हा म्हटलं. त्यांनी नाकपुडीला बोट लावलं, इथून, थोडंसंच. पुन्हा. शेवट खाली पडू दे. पुन्हा. एव्हाना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि एका हाताने मांडीवर ठेका धरला होता. त्या तळघरात हे असेच बसत असतील, मी तर कधी पाहायलाही गेले नव्हते. माझा घसा कोरडा पडला तरी सोडेनात. पुन्हा, पुन्हा, असा हात चाललेला.

कितव्यांदा ते ठाऊक नाही, पण एकदाची ती आली. ओलेती, दाराआड लपलेली, जराशी लाजलेली आणि पुरती निर्लज्ज. अगदी ह्यांचीच हाक, माझ्या गळ्यातून निघालेली. ह्यांनी डोळे उघडले.

आणि मी हातातली पँट टाकून, "आले, आले, जरा धीर म्हणून नाही ह्या माणसाला!" असं करवादत, खुर्चीवरून उठलेसुद्धा.