माझ्यावर कुणी बसेना तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, गावातल्या एकुलत्या एका न्हाव्याच्या दुकानातली. अंगाने जाड लाकडाची, मानेला टेकू असलेली. नवी होते तेव्हा लोक गरज नसताना दाढी करून घ्यायला येत.

माझ्यासमोर आरसा आणि आजूबाजूला फक्त पुरुष. बायका दुकानावरून खाली मान घालून जात. आत गप्पा रंगत, कोण बायकोच्या मुठीत आहे आणि कोण नाही. सगळ्यांत मोठा आवाज ट्रक ड्रायव्हरचा. तो लांबच्या फेऱ्या करून परतला की घरी जायच्या आधी माझ्यावर येऊन बसायचा.

एके दिवशी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई थेट आत आल्या. सगळे सावरून बसले. इथे रविवारी थोडं बोलू का, असं त्यांनी न्हाव्याला विचारलं. न्हावी हो म्हणाला. त्याच्या बायकोनेच त्याचं मन आधी वळवलं होतं. मग दर रविवारी बाई येऊ लागल्या. एचआयव्ही कसा पसरतो, निरोध का वापरायचा, तपासणी कुठे होते, सगळं त्या न लाजता सांगत. लोक आधी हसले, मग प्रश्न विचारू लागले.

त्याच सुमारास ड्रायव्हरच्या गरोदर बायकोला तपासणीत एचआयव्ही निघाला. सासूने तिच्यावर नाही नाही ते आळ घेतले, गल्लीभर बोभाटा केला आणि तिला माहेरी धाडलं. ड्रायव्हर तेव्हा गप्प राहिला.

पुढे एका रविवारी त्याची अर्धी दाढी झाली असताना कुणीतरी तिच्याबद्दल वाईट बोललं. त्याने माझे हात घट्ट आवळले.

"तिला नावं ठेवू नका," तो म्हणाला. "मीही तपासून आलोय. बाहेर मी जसा वागलो, त्याचं हे दुखणं. ते मीच तिला दिलं."

 न्हाव्याने उरलेली दाढी नेहमीसारखीच, गालाला हात लावून केली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर कुणी बसेना. पातं दर वेळी नवं असतं, खुर्चीवर बसून हा आजार होत नाही, असं न्हावी सांगून थकला. लोक मान डोलावत आणि दारातल्या बाकावर बसत. माझ्यावर धूळ साचली. आता आपण चुलीत जाणार, असंच मला वाटलं.

तेव्हा न्हाव्याची बायको भाजीची टोपली घेऊन दुकानात आली. तिने मला पुसलं आणि भर गर्दीत माझ्यावर बसून शेंगा निवडू लागली. रोज यायची, खुशाल बसायची. पुरुषांना कुठे बघावं कळेना. अखेर म्हातारे पोस्टमन गाल खाजवत म्हणाले, "वहिनी, उठा आता. माझी दाढी फार वाढलीय."

ती हसून उठली. मागोमाग बाकीचेही आले.

ड्रायव्हर स्वतः जाऊन बायकोला घेऊन आला. आई रुसली, पण तो बधला नाही. दोघं रोज औषध घेतात आणि धडधाकट आहेत. मुलगी झाली, तिलाही वेळेवर औषध मिळालं. ती निरोगी आहे.

परवा ती चिमुरडी केस कापायला आली. न्हाव्याने माझ्या हातांवर फळी आडवी टाकून तिला बसवलं. बापाने डोकं धरलं आणि बाकावरून आई सांगत होती, कानावरचे जरा कमी कर, भाऊ.

मित्रांनो, मला उठून कुणाजवळ जाता येत नाही, तुम्हाला येतं. आजारी माणसाशेजारची जागा रिकामी दिसली, तर तिथे जाऊन बसा.