एक्कावन्न सेकंद

राहीबाई आदिलाबादजवळच्या जैनथची. पन्नाशी ओलांडलेली, मळ्यातली भाजी छोट्या टेम्पोत भरून आदिलाबादच्या गल्ल्यांत विकायची आणि टेम्पोही स्वतःच चालवायची. तिच्या आवाजातली हाक पेन ड्राइव्हवर भरलेली होती. "वांगे घ्या, मेथी घ्या," आणि तेलुगू घरांसाठी "वंकाया, टमाटा!" हाकेच्या मधेमधे गाणी.

एका सोमवारी ती मुद्दाम वाट वाकडी करून गुडीहत्नूरला आली आणि गाड्यांना स्टिरिओ बसवून देणाऱ्या तेजस्विनीच्या हायवेलगतच्या पत्र्याच्या दुकानासमोर टेम्पो उभा करून खाली उतरली.

"पोरी, हे डबडं काढून टाक," गाडीतल्या स्टिरिओकडं बोट करून ती म्हणाली.

"काऊन मावशी? नवाच तर दिसून राह्यला."

"नवा हाय म्हनूनच. जुना चावी फिरवली का बोलायचा. याच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत माही गल्ली संपते. बाया टोपली घेऊन दारात येतात, तवा मी पुढच्या चौकात!"

भाजी तोलायला उतरताना राहीबाई चावी काढून घेई. पुन्हा गाडी सुरू केली की हाक ताबडतोब वाजायला हवी होती. तिथंच सगळं अडत होतं.

"कोनं बसवला?"

"आदिलाबादच्या वामनरावानं. सांगाले गेली तर म्हने, बाई, तुमाले वापरता येत नाई."

वामनरावांना तेजस्विनी चांगलीच ओळखत होती. त्यांच्या दुकानात तिनं सहा वर्षं काम केलं होतं, तेही मागच्या खोलीत, कारण बाईमाणूस वायरी जोडतंय हे गिऱ्हाइकाला दिसू नये असं वामनरावांचं म्हणणं. दीड वर्षापूर्वी ती तिथून भांडून बाहेर पडली. तरी विकायला लागणारा माल अजून त्यांच्याकडूनच यायचा. जिल्ह्यात ठोक माल देणारे तेच.

तिनं मोबाइलवर सेकंदांचं घड्याळ लावलं आणि चावी फिरवली. पडद्यावर कंपनीचं चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. पेन ड्राइव्ह वाचायला सुरुवात झाली. राहीबाईची हाक वाजली तेव्हा एक्कावन्न सेकंद झाले होते.

तेजस्विनीनं पॅनल उघडून आत हात घातला आणि तिला पाहिजे ते सापडलं. लाल आणि पिवळी, दोन्ही वायरी एकत्र पिळून चावीच्या वायरीला जोडल्या होत्या.

"मावशी, पिवळी वायर सरळ बॅटरीला जायला पायजे. तिच्यावर सेट झोपून राह्यतो, सगळं ध्यानात ठेवतो. इथं चावी काढली का तो मरते. परत्येक वेळी नव्यानं जन्म घेते."

"मंग त्यानं काऊन अशी जोडली?"

"बॅटरीपर्यंत वायर न्यायला अर्धा घंटा लागते. अशी पिळली का दहा मिनिटात गाडी बाहेर. याच्यावरूनच तं माहं भांडन झालं होतं."

ती पक्कड उचलणार तोच राहीबाईनं तिचा हात धरला.

"थांब. इथं नको. त्याच्या दारात करू. बेस्तरवारी बाजार हाय. एवढे महिने सोसलं, तीन दिवस अजून."

तेजस्विनी हसली, पण तिच्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं: आपण विकतो ते सेट किती सेकंद घेतात? तिनं दुकानातले चार सेट काढले, वायरी नीट जोडून एकाच बॅटरीवर आळीपाळीनं लावले. पेन ड्राइव्ह तोच, राहीबाईचा, अकराशे फायलींचा. पडदा नसलेल्या साध्या सेटनं सहा सेकंदांत गाणं म्हटलं. दुसऱ्यानं अकरा घेतले, तिसऱ्यानं चौदा. चौथा सेट तिचा लाडका, गिऱ्हाइकांना ती आग्रहानं देत असे. त्याला एकोणीस लागले. तिनं दोनदा पुन्हा मोजलं. एकोणीसच.

आत्तापर्यंत किती जणांना आपण हाच सगळ्यांत चपळ म्हणून सांगितलं, हे आठवून तिला लाज वाटली. तिनं खडू घेतला आणि पत्र्याच्या दारावर पाचही सेटचे सेकंद लिहिले. स्वतःच्या लाडक्याचे एकोणीस मोठ्या आकड्यात. खाली राहीबाईच्या गाडीतला सेट, एक्कावन्न, आणि पुढं कंसात, 'वायर चुकीची जोडलेली.' दुकानाचं नाव कुणाचंच नाही.

दाराचा फोटो कुणी काढला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपांवर फिरत होता आणि दुपारी वामनराव स्वतः येऊन उभे राहिले.

"हे पुसून टाक," ते शांतपणे म्हणाले.

"काऊन काका? आकडा खोटा हाय का?"

"आकड्याचं मले सांगू नको. लोकं काय समजायचं ते समजून राह्यले. पुसलं नाई, तं उद्यापासून तुले माल बंद."

तेजस्विनीनं मागं वळून पाहिलं. फडताळात आठ-दहा सेट उरले होते, ते संपल्यावर काय, हे तिला माहीत नव्हतं. पण तिनं फडकं उचललं नाही.

"बेस्तरवारी तुमच्या दारात येतो आमी," ती म्हणाली. "घड्याळ तुमचं धरा. आकडा खोटा निघाला तं तुमच्यासमोर पुसीन."

गुरुवारी राहीबाईनं टेम्पो बरोबर वामनरावांच्या दुकानासमोर लावला. बाजाराची गर्दी होतीच. काय चाललंय म्हणून ऑटोवाले जमले, भाजी घ्यायला आलेल्या बायाही थांबल्या. वामनराव पायरीवर आले. घड्याळ धरायला ते तयार होईनात, तेव्हा मोतीराम नावाच्या जीपवाल्यानं आपला मोबाइल काढला.

"फिरव मावशी चावी!"

पडदा उजळला. चित्र आलं, गेलं. लोक वाट बघत उभे. वीस. तीस. एक तेलुगू ऑटोवाला खिडकीतून आत डोकावत ओरडला, "इंका रालेदा?" अजून आलं नाही का, या त्याच्या प्रश्नावर सगळे हसले. चाळीस. पन्नास. मग हाक.

"एक्कावन्न!" मोतीरामनं जाहीर केलं.

"पेन ड्राइव्ह खराब हाय," वामनराव म्हणाले. "आमच्या मालात दोष नाई."

"मी बी तेच म्हनून राह्यली," तेजस्विनी म्हणाली. "माल चांगला हाय."

तिनं पॅनल उघडलं आणि पिळलेल्या वायरी बाहेर ओढून सगळ्यांना दाखवल्या. मग खाली बसली. लोकांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या. सहा वर्षं जे काम तिनं मागच्या खोलीत केलं, ते आज ती त्याच दुकानाच्या पायरीपुढं, भर बाजारात करत होती. तिनं पक्कड उचलली. पिवळी वायर वेगळी केली, जाड वायर जोडून, फ्यूज लावून बॅटरीपर्यंत नेली. चांगला अर्धा तास गेला. कुणी हललं नाही.

तिनं सेट एकदा सुरू होऊ दिला, गाणं वाजल्यावर चावी काढली, मिनिटभर थांबली.

"आता लाव मावशी."

चावी फिरली. मोतीराम आकडा मोजायला लागला तोच टेम्पोतून राहीबाईचा आवाज गरजला, "वंकाया, टमाटा!"

"चार!" मोतीराम ओरडला. "पेन ड्राइव्ह तोच बरं का, वामनराव!"

राहीबाई पदर खोचून पायरीपाशी गेली. "मले वापरता येत नाई म्हनत होते ना तुमी? बघा, येते का नाई."

वामनराव पाठ फिरवून आत गेले. जाताना तेजस्विनीकडं न बघता म्हणाले, "माल बंद म्हनजे बंद."

"करा बंद," ती म्हणाली.

त्यांनी शब्द पाळला. पुढचे दोन महिने तेजस्विनी दर मंगळवारी उटनूरवरून जाणारी, दूरच्या मंचेरियलची बस पकडत होती. तिथल्या व्यापाऱ्याकडून सेट घेऊन, खोकी मांडीवर धरून परत यायची. कंबर मोडायची. पण एक्कावन्न सेकंदांच्या गाड्या कुठून कुठून येऊन तिच्या दुकानापुढं लागायला लागल्या. पिवळ्या वायरीचं काम तिला पुरून उरलं. ज्यांना लाडका सेट विकला होता, त्यांना तिनं एकेकाला फोन करून खरा आकडा सांगितला. दोघांनी बदलून घेतला, बाकीचे म्हणाले, राहू दे.

दिवाळीनंतर मोतीराम निरोप घेऊन आला. वामनराव म्हणत होते, झालं गेलं विसर, माझ्या दुकानात ये, समोरच्या काउंटरवर बस, सगळं वायरिंग तुझ्या हाताखाली.

तेजस्विनी एका जीपच्या डॅशबोर्डखाली आडवी पडली होती. तिथूनच म्हणाली, "सांग त्याईले, येनं होत नाई. त्याईच्या स्वतःच्या कारचा सेट बी उशिरा वाजत असंल तं घेऊन या म्हनावं. लाइनीत लावा."

मोतीराम हसत गेला. तिनं टेस्टर तोंडात धरला आणि पिवळी वायर शोधायला हात आणखी आत घातला.