खुंटीचा मोड

देवणे सरांनी माझ्या यादीतल्या पहिल्याच आकड्यावर लाल रेघ मारली आणि मान वर न करता म्हणाले, "हा खोटा आहे."

माझं डोकंच फिरलं. चार वर्षं मी नांदेडला त्यांच्या हाताखाली पीएचडी करतेय. धातूच्या बंद डब्यात मायक्रोवेव्ह सोडल्या की त्या ठरावीक फ्रिक्वेन्सींनाच घुमतात. प्रत्येक घुमण्याला मोड म्हणतात. ते मोड संगणकावर काढून त्यांच्या फ्रिक्वेन्सींची यादी करायची, हे माझं काम. डब्याचे बारीक तुकडे पाडून गणित मांडलं की संगणक खऱ्या मोडांबरोबर काही खोटेही ओकतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर मी तुकडे आणखी बारीक करून तीनदा तपासलं होतं. खोटे मोड दर वेळी सरकत होते. हा जागचा हलला नव्हता.

सरांची तपासणी सोपी. वीस वर्षं शिकवलेलं रिकाम्या डब्याचं सूत्र काढायचं आणि त्यात न बसणारं खोडून मोकळं व्हायचं. अहो, पण आमचा डबा रिकामा आहे कुठे? सोयाबीनमधली ओल मोजायची म्हणून मधोमध पितळी खुंटी बसवलीय. हा मोड त्या खुंटीमुळेच तयार होतो आणि ओल त्यालाच सगळ्यात आधी कळते. हा काढला तर माझ्या प्रबंधात उरतं काय?

"सूत्र चुकत नसतं, बुद्धप्रिया."

"मग मोजून बघू, सर."

डबा माझ्या बाबांनी केलेला. साहेबराव, लातूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर. मी तो मोजणीच्या यंत्राला जोडला. पडद्यावरच्या रेघेत नेमका माझ्याच आकड्याला खड्डा पडला, म्हणजे डबा तिथे खरंच घुमत होता. विभागातले दोघे प्राध्यापक बघत होते. सर हसले.

"डबा वाकडा आहे, म्हणून तो खड्डा दिसतो. कारागिराचं काम ते! तसं लिही, हा मोड काढ, मी सही करतो."

त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. तोच डबा त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या जिन्यातून मी बाबांना फोन लावला. "बाबा, डबा वाकडा हाय म्हणायलेत सर."

"हाव, त्यांचा फोन आल्ता. म्या म्हणलं, माझा हात चुकला."

"चुकला?"

"न्हाई माय, सूतभर बी न्हाई. पण तुझी सही अडू नये."

तीस वर्षांत एकाही मालकासमोर न झुकलेला माणूस! मला सरांचा राग आला, बाबांचा आला आणि गप्प बसलेल्या माझा त्याहून जास्त आला. मी तशीच वर गेले, ऑफिसातून गाईड बदलायचा अर्ज घेतला आणि सही न करताच सरांच्या टेबलावर आपटला. कालचे दोघे तिथेच बसले होते.

"दोन वर्षं वाया जातील," सर म्हणाले.

"जाऊ द्या. आत्ता बाबांना फोन लावा आणि डबा सरळ आहे म्हणून सांगा. सगळ्यांसमोर, स्पीकरवर."

सरांनी त्या दोघांकडे पाहिलं. दोघांचीही नजर फोनवरच होती, तेव्हा त्यांनी नंबर लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, म्हणलो की, चूक माझीच हाय," ते घाईघाईनं म्हणाले. "लेकराला काही बोलू नका. तुमच्या पाया पडतो."

सर फोनकडे बघत राहिले. मी त्यांचाच पेन उचलला आणि अर्जावर माझी सही केली.