गाठोड्याची राखण

बेळगावाहून कणकुंबीकडे जाणारी सर्व्हिस मोटार जांभोटी मागे टाकल्यावर राखीव जंगलाच्या कडेला, एका जुन्या जांभळीखाली, थोडी थांबते. तेथे घर नाही, दुकान नाही, साधा फलकही नाही. रस्त्यातून फुटून रानात शिरणारी एक पाऊलवाट तेवढी आहे. इतक्या अल्प भाड्यात इतके वैभव दाखवणारे दुसरे ठिकाण मुंबई इलाख्यात आहे, असे कोणास वाटत असेल, तर त्याने आधी ही वाट चालून यावे आणि मग बोलावे.

वसुधा ही वाट अनेकदा चालली होती. ती बेळगावात मुलींच्या एका शाळेत शिकवीत असे, आणि हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी वरच्या वर्गातील मुलींना घेऊन सकाळच्या मोटारीने येथे उतरे व संध्याकाळच्या मोटारीने परते. झाडाचे नाव पुस्तकात वाचणे आणि त्या झाडाखाली उभे राहणे यांत किती अंतर आहे, हे तिला मुलींना चालवूनच शिकवायचे होते. शाळेच्या कमिटीला मात्र रान म्हटले की केवळ अस्वल दिसे. पुष्कळ चर्चेनंतर कमिटीने ठरवले की, एका सभासदाने स्वतः जाऊन पाहावे. आणि मुलींची परतीची मोटार चुकली, तर या सहली कायमच्या बंद कराव्यात. त्यानंतरची मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि मुलींनी रानात रात्र काढल्याची वार्ता कोणत्याच शाळेला पेलली नसती.

पाहणीसाठी निवड झाली ती अनगोळच्या श्रीपादराव वकिलांची. ते वसुधेच्या वडिलांचे जुने स्नेही, म्हणून ती त्यांना काका म्हणे. आणि नेमक्या याच कारणासाठी त्यांनी अधिक कठोर व्हायचे ठरवले होते.

१९४४ सालचा पौष महिना होता. युद्धामुळे पेट्रोल दुर्मीळ झाले होते आणि मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. मागे लोखंडी पिंपात निखारे धुमसत. चढ आला की मोटारीला धाप लागे. जांभळीखाली सर्वजण उतरले तेव्हा श्रीपादरावांच्या पांढऱ्या टोपीवर काजळीचे बारीक ठिपके होते. झाडाच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. त्या दगडावर आपले गाठोडे ठेवून एक म्हातारी पलीकडच्या वाडीवर निघण्याच्या तयारीत होती.

"काका, तुमची एखादी वस्तू या दगडावर ठेवा," वसुधा म्हणाली.

"कशासाठी?"

"रानात जाणारा माणूस येथे काहीतरी ठेवून जातो. वस्तू दिसली की ड्रायव्हर समजतो, मालक याच वाटेने परत येणार आहे. मग तो मालक येईपर्यंत थांबतो. वस्तू नसेल, तर माणसे पलीकडे कणकुंबीकडे उतरली असे समजून मोटार निघून जाते. एका मेळ्याला एक वस्तू पुरते. आज मान पाहुण्यांचा."

"म्हणजे वेळापत्रक कंपनीचे, आणि अंमल गाठोड्यांचा!" श्रीपादराव म्हणाले. "मोटार घड्याळाने चालावी, नाहीतर चालूच नये." तथापि त्यांनी गळ्यातला मफलर काढून दगडावर ठेवला. रांग वाटेला लागली. वसुधा पुढे, मुली मध्ये, आणि सर्वांवर नजर राहावी म्हणून वकीलसाहेब शेवटी.

त्या वाटेचे वर्णन करताना लेखणी आवरती घेणे अवघड आहे. प्रथम ऐन आणि किंदळ या वृक्षांचे सरळ उभे खांब लागले. त्यांच्या माथ्यावर ऊन होते, पण खाली उतरेपर्यंत त्याचे हिरवे पाणी झाले होते. पुढे काटेसावर बहरली होती. तिच्या अंगावर एक पान नव्हते आणि तरीही दारिद्र्याची खूण नव्हती, इतकी ती तांबड्या फुलांनी भरली होती. एका फांदीवरून दुसरीवर शेकरू उडाले तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलींपैकी एकीनेही किंकाळी फोडली नाही. सगळ्या जागच्या जागी थांबल्या, आणि वासंती नावाच्या मुलीने बोटानेच वकिलांना त्याची झुपकेदार शेपटी दाखवली. श्रीपादराव प्रत्येक वळणावर एखादी हरकत घेत होते. पण ओढ्याकाठी शिदोरी सोडली त्या वेळेपर्यंत त्या हरकती बऱ्याच विरळ झाल्या होत्या.

परतताना सूर्य कलला होता. बांबूच्या बेटाजवळ वसुधेने अकस्मात हात आडवा केला. मुली काही न विचारता खाली बसल्या. समोर, हाकेच्याही अलीकडे, गव्यांचा कळप वाट ओलांडत होता. काळीभोर पाठ, तिच्यावर उन्हाची तेलकट झळाळी, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय. एक प्रचंड नर वाटेच्या मध्यभागी उभा राहिला, आणि मागची वासरे पार होईपर्यंत हलला नाही.

"मोटार!" श्रीपादराव पुटपुटले आणि उठू लागले.

वसुधेने त्यांच्या कोटाची बाही धरली. तिने मान हलवली, एवढेच. बेळगावच्या कोर्टात ज्यांना कोणी गप्प बसवू शकले नव्हते, ते श्रीपादराव त्या तरुण शिक्षिकेच्या एका नजरेने गप्प बसले, आणि बसल्यावर त्यांना प्रथमच गव्यांचा श्वास ऐकू आला.

कळप गेला तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढले होते.

"उशीर झाला. पण हरकत नाही," वासंती म्हणाली, "काकांचा मफलर आहे ना दगडावर!"

दरीतून गार वारा सुटला होता. श्रीपादरावांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि सवयीने मफलर काढून गळ्याला गुंडाळला. मग सगळ्या आपल्याकडे का पाहत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले.

"माझ्या लेकीने, सरोजिनीने, स्वतः विणलेला आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "असा उघड्यावर टाकून जाणे... सगळ्या पुढे गेल्यावर मी तो उचलला."

वसुधेचा चेहरा उतरला. दगडावर त्यांची खूण नव्हती, आणि मोटार गेली असेल तर तिच्याबरोबर सहलींची ही वाटही गेली होती. "चला," ती मुलींना म्हणाली, "झपझप, पण धावायचे नाही."

जांभूळ दृष्टीस पडण्यापूर्वीच इंजिनाची घरघर कानी आली, आणि तिच्यावर चढलेले दोन आवाज, एक ड्रायव्हरचा आणि दुसरा सकाळच्या म्हातारीचा.

"मनुबाई, ते गाठोडं तुझंच न्हवं?"

"व्हय रं परशराम, माझंच."

"मग उचल आन् चढ की!"

"कशी चढू? मी अजून आल्याली न्हाय."

"मग ही म्होरं कोण बसलीया?"

"ही गाठोड्याची राखण. मालकीण रानात हाय."

"आक्का, कोळसा इझाय लागलाय! तुझं तोंड मला सोच्छ दिसतंय!"

"तोंड दिसलं म्हंजे माणूस आलं व्हय? तुझी मोटार त्या खालच्या वळणावर दिसली तवा मी म्हटलं, आली. पर ती हितवर याय किती येळ लागला? दिसणं येगळं आन् येणं येगळं."

श्रीपादराव बांबूआड थबकले. "उत्तम!" ते उद्गारले. "याला उत्तर नाही!"

"काका, युक्तिवाद संपेपर्यंत थांबायचे का?" वसुधेने त्यांना पुढे ढकलले.

मुली रस्त्यावर आलेल्या पाहताच म्हातारी उठली आणि गाठोडे काखोटीला मारून म्हणाली, "आली बघ मालकीण." परशराम ड्रायव्हर कपाळावर हात मारून हसला, आणि पिंपातले निखारे हलवायला मागे गेला.

मोटारीत श्रीपादराव मुद्दाम तिच्याशेजारी बसले. "बाई, हा मुद्दा तुम्ही कोठे शिकलात?"

"मोटार चुकून चुकून," मनुबाई म्हणाली. "सकाळी तुम्ही गळ्यातलं ठेवलं बी आन् उचललं बी. म्या बघितलं."

"मग त्याच वेळी का नाही सांगितले?"

"शाण्या माणसानं कायतरी इचार केला असंल म्हटलं."

मुली हसू आवरण्यासाठी खिडकीबाहेर पाहू लागल्या. श्रीपादरावही बाहेर पाहू लागले, आणि मोटार हलली तेवढ्यात त्यांना जांभळीच्या बुंध्याला टेकवलेली एक काठी दिसली.

"थांबा! थांबा!" ते उभे राहून ओरडले. "काठी राहिली आहे! रानात अजून कोणीतरी आहे!"

मोटार कचकन थांबली. परशरामने मान वळवून पाहिले. "वकीलसाहेब, ती भरमूआप्पाची. त्यास्नी उद्या सकाळची मोटार पायजे. आजच ठेवून गेल्यात."

"उद्याच्या मोटारीसाठी आज?" श्रीपादरावांनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले, क्षणभर विचार केला आणि ते खाली बसले.

मोटार उताराला लागली. मागे रानावर संध्याकाळ उतरत होती, आणि काटेसावरीची फुले अजूनही वेगळी ओळखू येत होती. मग वसुधेने विचारले, "काका, कमिटीला काय सांगणार?"

"मोटार चुकू नये, एवढीच अट होती. ती चुकलेली नाही." त्यांनी गळ्यातला मफलर काढून त्याची नीट घडी घातली. "बाकीचे मी पाहिले तसे सांगेन, आणि ज्याला वाद घालायचा आहे त्याने माझ्याशी घालावा. पुढच्या महिन्यात हा मफलर मी स्वतः दगडावर ठेवीन. आणि हे पाहा, वसुधा, मला रांगेत शेवटी ठेवू नकोस."