ब्लीड म्हणजे काय?

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. हवा पोटात दाबून धरायची आणि रंगाच्या फवाऱ्याला पुरवायची, हे माझे काम. आता गॅरेजच्या मागे गंजत पडलो आहे. कीव करू नका. पोटात हवा उरलेली नाही, पण राग ठासून भरला आहे.

कारखान्यात मला घडवले, तेव्हाच पोटावर एक पितळी पाटी ठोकली. तीवरचा मजकूर इंग्रजीत होता. उघडण्याआधी मला 'ब्लीड' करा, एवढेच ती सांगत होती.

चौदा वर्षे मी राबलो. "कधी कुरकुर नाही याची!" असे मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. पाटीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिले नाही. पाहिले ते फक्त रंगारी काकांनी.

"मालक, ब्लीड म्हणजे काय हो?"

"रक्त वाहणं! एवढंही येत नाही?"

"पण यंत्राला कुठलं आलंय रक्त?"

"तुम्ही रंगाचं बघा. मास्तरकी नको."

सगळे फिदीफिदी हसले. काकांनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी कधीच काही विचारले नाही.

मग एके दिवशी माझा व्हॉल्व्ह गळू लागला. मेकॅनिक रजेवर होता आणि गाडी संध्याकाळी द्यायची होती.

"नट फिरवायला काय अक्कल लागते? उघडा!" मालक खेकसला.

काकांनी पान्हा लावला. हवेचा दाब दाखवणारा माझा काटा टोकाला टेकला होता. मी जिवाच्या आकांताने फुसफुसत होतो. त्याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही. नट उडाला, तो थेट त्यांच्या उजव्या डोळ्यावर. तो डोळा गेला.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. काकूही काकांचा मागे राहिलेला डबा न्यायला आल्या होत्या.

"पाटी आहे की! त्यांनी वाचली नाही," मालक म्हणाला.

बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवले. "तुम्ही सांगा, याचा अर्थ काय?"

"म्हणजे... ते आपलं... रक्त..."

"कोंडलेली हवा आधी सोडून द्यायची. ही खालची तोटी उघडायची आणि काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. बस."

काकू मालकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हालाही माहीत नव्हतं?"

मालक रुमालाने पाटी पुसू लागला.

"मग त्यांनी विचारलं तेव्हा हसलात कशाला?"

मित्रांनो, मला तेलपाणी नका करू. यंत्रे गंजतात, त्याचे काही नाही. पण कुणी अर्थ विचारला आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तसे सांगा. तेवढ्याने तुमचे काही जात नाही.