कंगव्याची बाग

"अहो, माझी गांडुळं कुठे घेऊन चाललात?"

घरामागच्या खताच्या ढिगापाशी उकिडवा बसलेला नवरा दचकला आणि त्याने हातातला पत्र्याचा डबा पाठीमागे लपवला. साठीच्या माणसाने काही लपवलं की ते जास्तच दिसतं, तसा तो डबाही दिसला. नुकतंच उजाडलं होतं. बायको मागच्या दारात केस बांधत उभी होती.

"कुठे नाही. जरा बागेत."

"तुमच्या बागेत? तिथे गवताचं एक पातं उगवलं तर तुम्हाला ताप भरतो, आणि आज गांडुळं?"

"लागतायत थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"पंचवीस."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळलं होतं, की हा माणूस 'वीस-पंचवीस' म्हणत नाही, 'पंचवीस' म्हणतो, आणि आकडा ठरलेला असला की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

"माझी फुलझाडं त्या ढिगावर जगतात," ती म्हणाली. "संध्याकाळी परत आणून द्यायची."

गांडुळं ही काही संध्याकाळी परत आणून द्यायची वस्तू नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने मान डोलावली आणि सायकल काढली.

बागेवर त्याला सगळे कंगवा म्हणत. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कंगवा फिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नाव पडलं होतं ते त्याच्या ओळींवरून. जुन्या बागेतल्या द्राक्षवेलींच्या बेचाळीस ओळी आणि त्यांच्यामधली जमीन अशी, की नुकतंच कुणीतरी भांग पाडून दिला असावा. वेली त्याने मोठ्या मालकांबरोबर स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या, लग्न झालं त्याच वर्षी. तेव्हापासून त्या जमिनीवर त्याने गवत टिकू दिलं नव्हतं. आधी खुरपं होतं, मग पाठीवरचा पंप आणि तणनाशक आलं, मग ट्रॅक्टर. "खाली पडलेला मणी रस्त्यावरून दिसला पाहिजे," असं मोठे मालक म्हणायचे, आणि तो दिसायचा. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. एका वर्षी 'सर्वांत स्वच्छ बाग' म्हणून प्रमाणपत्रही मिळालं होतं. मालकांनी ते स्वतःकडे न ठेवता त्याच्या हातात दिलं. घरातल्या बाहेरच्या खोलीत ते अजून टांगलेलं होतं, आणि त्याची काच तो दर रविवारी स्वतः पुसायचा. बायकोला हात लावू देत नसे.

पण गेली पाच-सहा वर्षं बागेचं काहीतरी बिघडलं होतं. घड लहान येऊ लागले. पानं वेळेआधी पिवळी पडत. पाणी दिलं की ते जमिनीत मुरायच्या ऐवजी ओळीओळींनी वाहून रस्त्यावर जाई. त्याने खत वाढवलं, औषधं वाढवली, आणि काहीच सुचलं नाही तेव्हा जमीन आणखी स्वच्छ केली.

दोन वर्षांपूर्वी मोठे मालक गेले आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. ती लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून बागेत फिरली होती. मालक गेल्यावर तेराव्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी तो तिला 'ताई, तुम्ही' म्हणू लागला. "काका, तू म्हणा ना," ती म्हणाली होती. त्याला जमलं नाही. या ताईने नव्या बागांमध्ये ओळींच्या मधे गवत आणि कडधान्यं पेरली आणि तणनाशक बंदच करून टाकलं. तिकडून जाताना कंगवा मान दुसरीकडे वळवत असे. जुन्या बागेचा विषय निघाला तेव्हा मात्र त्याने हात जोडले. "ही माझ्याकडे असू दे," तो म्हणाला, आणि ताईने ती त्याच्याकडे ठेवली.

यंदा तिथल्या निम्म्या वेली काढणीनंतर फुटल्याच नाहीत. मग ताईने माती तपासणाऱ्या मॅडमना बोलावलं आणि कंगव्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. जमिनीत थोडा जरी जीव असेल, तर बाग ठेवायची, गवत आणि शेणखत देऊन दोन वर्षं बघायचं. जमीन पार मेलेली असेल, तर वेली उपटायच्या. मॅडम जे सांगतील ते शेवटचं.

मॅडम काल दुपारी येऊन तीन ठिकाणी लाल खुंट्या ठोकून गेल्या होत्या. "उद्या सकाळी इथे खणू, गांडुळं मोजू," असं म्हणाल्या होत्या. चूक झाली ती तिथेच. त्याच्यासमोर हे बोलायला नको होतं.

मॅडम आल्या तेव्हा आठ वाजले होते आणि कंगव्याचं काम उरकलं होतं. प्रत्येक खुंटीपाशी पहारीने जमीन पोखरून, पाणी ओतून, गांडुळं सोडून त्याने वरून माती हाताने सारखी केली होती. पन्नाशीच्या मॅडम अंगाने आडव्या होत्या, पायात रबरी बूट होते आणि नखांत माती. ही नखं पाहून कंगव्याला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यांनी आधी खणलंच नाही. पत्र्याचं एक रुंद कडं काढलं, ओळीच्या मधोमध हातोडीने जमिनीत बसवलं आणि त्यात बाटलीभर पाणी ओतलं. मग घड्याळ बघत उभ्या राहिल्या. ही कसोटी कंगव्याच्या हिशोबात नव्हती.

"नव्या बागेत मुरायला किती वेळ लागला होता?" ताईने विचारलं.

"तीन मिनिटं."

तीन मिनिटं झाली, दहा झाली. कड्यातलं पाणी ताटात ओतल्यासारखं उभंच होतं. एक मुंगी येऊन काठावरून फिरून गेली. मग ताईचा फोन वाजला, खोके नेणारी गाडी दारात आली होती. "आलेच मी," म्हणत ती फाटकाकडे गेली.

मॅडमनी पहिल्या खुंटीपाशी फावडं घातलं. मातीचा चौकोनी ठोकळा पांढऱ्या कापडावर ठेवून त्या तो दोन्ही हातांनी फोडू लागल्या. बारीक, लालसर गांडुळं वळवळत बाहेर आली.

"आठ," त्या म्हणाल्या.

कंगव्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या खुंटीपाशीही आठ निघाली. तिसऱ्या खुंटीपाशी नऊ. मॅडम उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ कापडाकडे बघत राहिल्या.

"फारच शिस्तीची गांडुळं आहेत काका, तुमची," त्या म्हणाल्या.

त्याने एक मातीचं ढेकूळ उचललं आणि पुन्हा ठेवलं. मॅडमनी तेच ढेकूळ मोडून त्याच्यासमोर धरलं.

"हे बघा. गांडूळ राहतं तिथे भोक असतं. येण्याजाण्याची वाट असते त्याची. इथे मला पाहुणे दिसतायत, घर कुठेच दिसत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही खताच्या ढिगातली आहेत ना?"

खोटं बोलायचं असेल तर तेव्हा बोलायला हवं होतं. पण सकाळपासून त्याने जेवढं खोटं केलं होतं, तेवढ्यातच तो दमला होता.

"ढिगातली गांडुळं शेण खातात, पालापाचोळा खातात," मॅडम म्हणाल्या. "असल्या मातीत ती जगत नाहीत. दोन-तीन दिवस, फार तर."

"मरतील?"

"मरतील."

कंगवा उठला. वेलीच्या खोडामागे ठेवलेला डबा त्याने आणला, कापडापाशी गुडघे टेकले आणि एकेक गांडूळ उचलून डब्यात टाकू लागला. जाड बोटांतून ती निसटत होती. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्याही वेचू लागल्या.

ताई परत आली तेव्हा दोघं गुडघ्यांवर बसून काहीतरी वेचत होती.

"काका, काय करताय?"

"बायकोची आहेत," तो मान वर न करता म्हणाला. "संध्याकाळी परत द्यायचीत."

ताईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती रागावली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

"ताई, तू शून्य लिहून घे," तो म्हणाला. तुम्ही म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "तिन्ही जागी शून्य. जमीन मेलेलीच आहे. कुणी मारली विचारू नको. एकतीस वर्षं मीच झाडत होतो. तुझे बाबा म्हणायचे छान दिसते, लोक म्हणायचे छान दिसते. मला वाटायचं, मी हिला सांभाळतोय." त्याला रडू आलं. मातीचे हात डोळ्यांना लावता येईनात, म्हणून त्याने डोळे तसेच वाहू दिले.

मॅडमनी डब्याचं झाकण लावून त्याच्याकडे दिलं.

"तुम्हाला तसंच शिकवलं होतं काका," त्या म्हणाल्या. "जमीन स्वच्छ ठेवा म्हणून गावोगाव सांगत फिरणारी माणसं होती. नोकरीची पहिली बारा वर्षं मीच सांगत होते."

त्यांनी कागदावर तीन शून्यं लिहिली. त्या दोघीजणी फाटकाकडे निघाल्या तेव्हा कड्यातलं पाणी अजून तसंच होतं.

त्या संध्याकाळी बायकोने डबा उघडून बघितला आणि गांडुळं ढिगावर सोडली. बाहेरच्या खोलीत येऊन तिने फक्त भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. "काढून ठेवू का?"

"राहू दे," तो म्हणाला. "खोटं थोडंच आहे? स्वच्छ होतीच."

मात्र त्या रविवारी त्याने काच पुसली नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

महिन्याभराने वेली उपटल्या. रजा घ्या, असं ताईने सांगितलं होतं, तरी तो आला. यंत्र एकेक खोड वर ओढत होतं आणि तो प्रत्येकापाशी जाऊन वाकून बघत होता. हातभर खाली जाऊन सगळी मुळं आडवी वळली होती. इतकी वर्षं ट्रॅक्टर फिरून फिरून खाली जमिनीचा जो कडक थर बसला होता, तिथे ती अडली होती आणि वाट शोधत बाजूबाजूने लांब गेली होती. खालची ओल त्यांना कधी मिळालीच नव्हती. एका खोडाची मुळं त्याने हातात धरली. वेली बिचाऱ्या प्रयत्न करत होत्या, एवढंच तो म्हणाला, आणि तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

शेवटची ओळ निघाल्यावर ताई त्याच्याजवळ आली.

"आता इथे कडधान्यं आणि गवत पेरू. मग दोन वर्षं या जमिनीत काहीही करायचं नाही, काका. आणि ते तुम्हीच करायचं."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे काहीही."

आयुष्यात त्याला दिलेलं हे सगळ्यात कठीण काम होतं. तो रोज वेळेवर येई आणि हात मागे बांधून कडेकडेने फिरे. सुरुवातीला खुरपं बरोबर आणायचा, मग ते घरी राहू लागलं. गवत घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. त्यात निळी-पांढरी फुलं आली, ज्यांची नावं त्याला येत नव्हती. आजवर त्याने त्यांना फुलेपर्यंत ठेवलंच नव्हतं. शेजारच्या बागेचा मुकादम एकदा रस्त्यावर मोटरसायकल थांबवून हसला.

"काय कंगवा, हे काय? म्हातारपणी केस वाढवले की!"

"वाढतायत तर वाढू दे," तो म्हणाला, आणि चिडला नाही. चिडलो कसं नाही, याचंच त्याला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या वर्षी, पाऊस होऊन जमीन ओली असताना, एका सकाळी तो फावडं घेऊन निघाला तेव्हा बायकोही बरोबर निघाली. तिने एक जुनी पांढरी चादर घेतली होती. जिथे पहिली लाल खुंटी होती, तिथे त्याने खणलं. फावडं दोन दाबांत आत गेलं. चादरीवर ठोकळा ठेवून तो हलक्या हाताने फोडू लागला, मॅडमसारखा.

"निघालं का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"एकसुद्धा?"

"नाही. पण हे बघ."

ढेकळाच्या मोडलेल्या बाजूवर पेन्सिलीएवढं एक भोक होतं, आतून गुळगुळीत, वळत वळत खाली गेलेलं. त्याच्या कडेने एक पांढरं मूळ त्याच वाटेने उतरलं होतं.

"घर आहे," तो म्हणाला.

"आणि घरमालक?"

"खाली गेला असेल. आपला आवाज ऐकून."

बायको हसली. त्याने सगळी माती जशी होती तशी खड्ड्यात ठेवली, गवताची बाजू वर करून. सवयीने त्याचा पाय दाबायला उचलला गेला. तो त्याने बाजूला ठेवला आणि वाकून तळहाताने माती बसवली.

"उद्या परत बघायचं?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे त्याला."

फाटक समोरच दिसत होतं, गवतातून सरळ गेलं असतं तर शंभर पावलंही नव्हती. ती दोघं कडेच्या वाटेने, एकामागून एक, लांबून वळसा घेऊन गेली.