न उठलेली

अर्नातुकने सीलच्या चरबीचा तुकडा दगडी बाईच्या ओठांच्या खाचेत दाबला आणि उरलेली चरबी सुनेपुढे धरली.

"तूही खा."

कड्याच्या टोकाशी, त्या दगडाला टेकून बसलेल्या कुपानुकने मान वळवली नाही. वसंतात समुद्रावरचा बर्फ फुटला, तेव्हा तिचा नवरा किसुक कुत्र्यांसकट, घसरगाडीसकट वाहून गेला होता. आता खाडी मोकळी, निळी झाली होती. तरी ती रोज सकाळी इथे येऊन बसे.

"वस्तीत तुझं कौतुक चाललंय," अर्नातुक म्हणाली. "बायको असावी तर अशी, या दगडासारखी, म्हणतात."

"मग? खोटं आहे का?"

"त्यांना गोष्ट अर्धीच ठाऊक आहे." म्हातारी धापा टाकत शेजारी बसली. "हीसुद्धा नवऱ्याची वाट बघत बसली. आधी पाय दगड झाले. लोक म्हणाले, ऊठ गं. ही म्हणाली, उद्या. मग कंबर गेली. तेव्हा खालच्या तंबूंतून शिजत्या मांसाचा वास आला आणि हिला भूक लागली, पोरी. खरीखुरी भूक. खायला आणा म्हणून ओरडली. माणसं धावत वर आली, तोवर गळा दगड झालेला. तोंडात घास, पण गिळता येईना. म्हणून येणारा-जाणारा अजून चरबी लावतो. तो मान नव्हे. उशिरा आलेला घास आहे."

कुपानुकने मोकळ्या खाडीकडे पाहिलं.

"तो येईल असं तुम्हांला नाही वाटत, आई?"

"मी त्याला जन्म दिलाय. मला काय वाटतं ते विचारू नकोस. खा."

कुपानुकने चरबी घेतली. आधी उगाच चघळली, मग अधाशासारखी खाल्ली. डोळे वाहत होते, पण पुसायला तिने हात थांबवला नाही.

"हळू. बोटं खाशील," अर्नातुक म्हणाली.

शेवटी कुपानुक उठली. "चला."

"तू हो पुढे. मी जरा दम खाते."

अर्ध्या उतारावर कुपानुक थबकली. मागे खडे घसरल्याचा आवाज येत नव्हता. तिने वळून पाहिलं. तिनेच मोकळ्या केलेल्या जागेवर म्हातारी सरकून बसली होती, तोंड समुद्राकडे.

कुपानुक पुन्हा वर चढली.

"आई, मला हा उतार एकटीला जमत नाही."

उतारावरची पायवाट पडली होती ती कुपानुकच्याच रोजच्या पावलांनी. अर्नातुकने सुनेकडे पाहिलं आणि उठवून घ्यायला हात वर केला.